उजव्या गालावरचं गोंदण

चौपन्न-पंचावन्नच्या सुमारास ठाणे, कल्याण, डोंबिवलीत ज्या मुलींची लग्नं जुळली, त्यातल्या बऱ्याच जणींनी दामाजी कोळ्याचे आभार मानायला हवे होते. कुणी मानले नाहीत. मानणार कशा? केलेलं काम कुणाच्या लक्षात येऊ नये, हेच त्याचं काम होतं.

दामाजी फोटो रिटच करायचा. निगेटिव्ह धुऊन वाळली की ती उतरत्या डेस्कवर, खालून उजेड येईल अशी ठेवायची आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं चेहऱ्यावरचे डाग, व्रण, सुरकुत्या भरून काढायच्या. जिथं पेन्सिल भरली तिथला डाग छापलेल्या फोटोत उरत नाही. ऐकायला सोपं आहे. करून बघावं म्हणजे कळतं.

हे तो शिकला ठाण्याच्या स्टेशन रस्त्यावर, त्र्यंबकराव दामल्यांच्या स्टुडिओत. त्र्यंबकराव मासळी खात नव्हते, तेव्हा कोळ्याच्या पोराशी ओळख बाजारात झाली असण्याचा प्रश्न नाही. थोरल्या भावाच्या, कान्हाच्या लग्नाचा फोटो काढायला सगळी वरात स्टुडिओत गेली होती. फोटो झाल्यावर वरात घरी गेली आणि दामाजी डार्करूमच्या दारात उभा राहिला. दुसऱ्या दिवशीही राहिला. शेवटी त्र्यंबकरावांनी वैतागून त्याच्या हातात धुवायला ट्रे दिले.

पहिलं वर्ष ट्रे धुण्यात, औषधं कालवण्यात आणि लाल दिव्याखाली शिव्या खाण्यात गेलं. मग डेस्क मिळालं. जाळी विणलेली बोटं होती, ती पेन्सिलीला थरथरली नाहीत. त्र्यंबकरावांची शिकवण मात्र एकच होती. "चेहरा स्वच्छ हवा. डाग तो डाग, घालवायचा. तुझं मत कुणी विचारलेलं नाही." डोंबिवलीच्या एका हेडक्लार्कच्या मुलीच्या, हेमाच्या तोंडावर देवीचे व्रण होते. ते दामाजीनं असे घालवले की तिच्या सख्ख्या मामानं विचारलं, "ही आपली हेमाच ना?" त्र्यंबकरावांनी ती शाबासकी समजली आणि दामाजीनंही तीच समजून घेतली.

घरी गोष्ट वेगळी होती. चेंदणीच्या कोळीवाड्यात त्यांचं घर. बाप वारलेला, होडी कान्हा चालवायचा आणि त्याला माणूस कमी पडत होता. आई, आवडाबाई, बाजारात मासळी विकायची. धाकट्याच्या धंद्याला तिचा विरोध नव्हता; तो धंदा काय आहे तेच तिला कळत नव्हतं.

"दिसभर करतोस काय तितं?"

"चेहरे साफ करतो, आये."

"मासलीवानी?"

सगळं घर हसलं. दामाजी हसला नाही. तेव्हा आवडाबाईनं निकाल दिला. "माजा फोटू काढ. मना पटला तर ऱ्हा तितं. नाय पटला तर नारली पुनवेला कान्हाबरोबर होडीवर."

पौर्णिमा जवळच आली होती. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या, डागडुजी चालू होती. आवडाबाई नवं लुगडं नेसून, अंगावर सोनं घालून स्टुडिओत आली आणि रंगवलेल्या महालाच्या पडद्यापुढं ताठ बसली. त्र्यंबकरावांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. "सगळं तूच कर," म्हणाले.

दामाजीनं जीव ओतला. डोळ्यांखालच्या उन्हाच्या रेघा गेल्या. भुवईवरची जुनी खोक गेली. कपाळावरची गोंदलेली चंद्रकोर गेली, हनुवटीवरचा ठिपका गेला, उजव्या गालावरचाही गेला. गोंदण त्याला दिसलं नाही असं नाही. डाग म्हणून दिसलं.

"हात बसला तुझा," त्र्यंबकराव म्हणाले.

घरी आवडाबाईनं फोटो उजेडाकडे धरला, जवळ घेतला, पुन्हा लांब धरला.

"ही कोन?"

"तूच ना, आये."

"तुजा बाप गेला तवा माजा कुकू पुसला," ती शांतपणे म्हणाली. "गोंदन मातर कुनाला पुसता आला नाय. मेल्यावर माज्यासंगती येनार तर तेवढाच. तू पुसलास."

दामाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निगेटिव्हवरची पेन्सिल टर्पेंटाइननं निघते, मी उद्याच परत छापून देतो, असं तो घाईघाईनं सांगू लागला.

"एकदा केलास ना? ऱ्हाऊ दे." फोटो तिनं पेटीत टाकला. "कान्हाला सांग, पुनवेला येतो म्हनून."

दिला शब्द मोडायची त्या घरात पद्धत नव्हती. दामाजीनं कान्हाला सांगितलं, त्र्यंबकरावांनाही सांगितलं. त्र्यंबकराव रागावले, मग म्हणाले, "चूक माझी आहे. शिकवलं मी." पण निर्णय आवडाबाईचा होता, तिथं त्यांचं काय चालणार? दामाजी हातातली कामं उरकू लागला. ते दिवस त्याला फार जड गेले.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सुक्या मासळीचा बाजार आटोपून आवडाबाई थेट स्टुडिओत आली. त्र्यंबकराव उठले. "या आवडाबाई, बसा." ती बसली नाही. पदराखालून फोटो काढून तिनं टेबलावर दामाजीपुढं ठेवला.

कपाळावर चंद्रकोर होती. हनुवटीवर ठिपका होता. गालावर होता. सुईच्या टोकानं, काजळानं काढलेले.

"आरसा म्होरं ठेवून एकेक केला. आता मी झाली. बाकी तोंड माजाच हाय, तेवढाच चुकलेला तुजा." मग दाराकडे बघत म्हणाली, "कान्हाला दुसरा गडी भेटला. तू ऱ्हा हितंच."

दामाजीनं फोटो उचलला.

"बरूबर हाय ना पन? तू शिकलेला हायस, बघ."

त्यानं बघितलं. गालावरचा ठिपका चुकला होता. आरशात माणसाचा उजवा गाल उजव्याच बाजूला दिसतो; फोटोत तो बघणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो. आरशात बघून काढलेला ठिपका फोटोत डाव्या गालावर गेला होता. त्र्यंबकरावांच्याही ते लक्षात आलं. सवयीनं त्यांचा हात ब्रशकडे गेला. दामाजीनं ब्रश उचलून आपल्या खिशात ठेवला.

"बरूबर हाय, आये."

"मंग काच लावून दे," आवडाबाई म्हणाली, आणि टोपली खाली ठेवून खुर्चीवर बसली. दामाजीनं फोटो पुसला नाही, सुधारला नाही, होता तसा काचेखाली घातला.