फुलाबाई फाट्यावर उभ्या होत्या

फुलाबाई ढेबे म्हणजे नाकावर राग, असं आमच्या स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात. पूर्वी मीही म्हणायचे. आता कुणी म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्या बाईला राग येतो तो कशाकशाचा, एवढं तरी एकदा विचारा की! पण विचारायला वेळ कुणाला आहे? रागीट म्हटलं की आपली सुटका होते.

हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर सात घरांचा धनगरवाडा आहे. तिथं फुलाबाई, नवरा चिमाजी आणि मुलगी कोमल राहतात. चार म्हशी, काही गाई आणि शेळ्या. बाई रोज सकाळी दुधाची किटली डोक्यावर घेऊन दीड तास डोंगर उतरतात आणि तेवढाच चढून परत जातात. उंच, काटक बांधा, रंग उडालेलं नऊवारी लुगडं, पायात प्लास्टिकची चप्पल. बोलताना त्या समोरच्याच्या डोळ्यांत बघतात. आपल्याकडे बाईमाणसानं असं बघितलं की लोक त्याला राग समजतात.

चार वर्षांपूर्वी खाली डांबरीला एक पाटी लागली. धनगरवाड्याचा रस्ता पूर्ण झाला, असं तिच्यावर लिहिलं होतं. रस्ता कसला, पायवाटेवरचा एक दगडसुद्धा हलला नव्हता. कोमलनं पाटी वाचून दाखवली तेव्हा फुलाबाईंनी ती उपटली, डोक्यावर घेतली आणि पंचायतीच्या दारात नेऊन ठेवली. "रस्ता झालाय न्हवं? मग ही पाटी गाडीत घाला आन् वर पोचवा. म्या हितंच बसते," म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत बसल्या. रस्ता अजून नाही, पण ती पाटी पुन्हा लावायची हिंमत कुणाची झाली नाही.

कोमल त्यांचीच मुलगी, पण बोलायला कमी. दहावीत माझ्या वर्गात होती. वाड्यावर मोबाईलला रेंज नाही. वर एका कातळावर मिळते, तीही वारा नसला तर. त्या कातळावर बसून ही मुलगी सात घरांची आणि खालच्या दोन वाड्यांची सगळी कामं करायची. ई-पीक पाहणी, रेशनची ओळखपडताळणी, गुरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर, सगळं तिच्याकडे. एकदा माझ्या प्रयोगशाळेतला बंद पडलेला संगणक तिनं उघडला आणि तासाभरात सुरू केला. मी विचारलं, कुणी शिकवलं गं? म्हणाली, "कुणी न्हाई बाई. धूळ व्हती आत."

जानेवारीत हिंजवडीच्या एका कंपनीचं पत्र आलं. आमच्या शाळेतल्या दहावीच्या तीस मुलींना एक दिवस कंपनी दाखवणार, तंत्रज्ञानातल्या नोकऱ्यांची माहिती देणार. आणि दुपारी दोनला एक परीक्षा. जिल्ह्यातल्या शाळांमधून निवडलेल्या मुलींना दहावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम फुकट, वसतिगृहासकट. परीक्षा एका मुलीला एकदाच देता येणार होती.

मुलींची यादी मीच केली. पहिलं नाव कोमल चिमाजी ढेबे.

दुसऱ्या दिवशी फुलाबाई किटलीसकट शाळेच्या पायरीशी आल्या. "बाई, दिरानं स्थळ काढलंय पोरीला. अठरा व्हईस्तोवर बोलून ठिवू म्हणतोय. आमचं मालक म्हणत्यात, पुढं शिकायला पोरगी कुठं ठिवायची, कुणाच्या घरात? ही परीक्षा झाली तर ऱ्हायचीबी सोय हाय म्हणं. तुमी तिला निस्ती तितं बसवा. फुडचं म्या बगते." मी म्हटलं, "बसवते." एवढंच बोलले. पण बोलले.

गाडी सकाळी सहाला शाळेतून सुटणार होती. वाड्यावरून शाळेपर्यंत यायचं तर मुलीला अर्ध्या रात्री निघावं लागलं असतं. म्हणून हेडसरांनीच ठरवून दिलं, की कोमलनं वाड्याच्या फाट्यावर थांबावं, साडेसहाला गाडी तिला घेईल.

साडेसहाला गाडी फाट्यावर आली. मायलेकी उभ्या होत्या. कोमल इस्त्रीच्या गणवेशात. वाड्यावर वीज दिवसातून तीन तास, इस्त्री कशी केली असेल देव जाणे. फुलाबाईंनी हात केला. ड्रायव्हरनं वेग कमी केला, आणि पुढं बसलेले हेडसर म्हणाले, "चला, चला, थांबू नका."

मी उठून म्हटलं, "सर, कोमल!"

"शेटेबाई, बसा. अमृतरावांची भाची भोरला चढणार आहे. जागा तीसच आहेत. हिला पुढच्या वर्षी बघू."

अमृतराव म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांची भाची प्रगती सारोळ्याची, आमच्या शाळेतसुद्धा नाही. दहावीच्या मुलीला पुढच्या वर्षी काय दाखवणार, हे मी विचारायला हवं होतं. ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. मी मूग गिळून खाली बसले. खिडकीतून मला फुलाबाई दिसल्या, आणि त्यांना मी.

भोरला प्रगती चढली. हेडसरांनी ओळखपत्रांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. गळ्यात अडकवायची, नाव आणि कोड छापलेली, फोटो नसलेली. "एकही कार्ड शिल्लक राहता कामा नये, कंपनीपुढे शोभा होते," म्हणाले. शिल्लक एकच राहिलं होतं. ते मी प्रगतीच्या गळ्यात घातलं. ती पोर काचेबाहेर बघत होती. तिचा काही दोष नाही, तिला मामानं गाडीत बसवलं होतं.

कंपनीत सगळं गुळगुळीत होतं. एका ताईनं पडद्यावर चित्रं दाखवली, मुलींनी टाळ्या वाजवल्या, फलक धरून फोटो झाले. हेडसर प्रत्येक फोटोत मधोमध. मी दोनदा मुली मोजल्या. दोन्ही वेळा तीस भरल्या. मास्तरणीच्या हिशेबी काम चोख होतं.

एक वाजता माझा फोन वाजला. गेटवरचा सुरक्षारक्षक बोलत होता. "मॅडम, एक बाई आणि मुलगी आलीय. मुलगी कोमल ढेबे नाव सांगते. पण कोमल ढेबे तर पावणेदहालाच आत गेलीय."

मी धावत खाली गेले. फाट्यावरून दुधाच्या टेम्पोनं भोर, तिथून एसटीनं स्वारगेट, पुढं शहरातल्या दोन बस. कोमलनं मोबाईलवरच्या नकाशात बघत बघत आईला आणलं होतं. गणवेशाची घडी मोडली होती. रक्षक बिचारा यंत्राचा पडदा आमच्याकडे फिरवून दाखवत होता: कोमल चिमाजी ढेबे, आत. आणि कोमल चिमाजी ढेबे माझ्यासमोर उन्हात उभी होती.

"बाई, ही आत हाय म्हणं," फुलाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मग म्या कुणाला घिऊन आले?"

मी काहीतरी पुटपुटले. गोंधळ झाला, घाई झाली, मी दोनदा मोजल्या तर तीसच्या तीस होत्या.

"मोजल्या व्हय?" आता आवाज चढला. "बाई, आमी गुरं मोजत न्हाई. मोजलं की घटत्यात, आसं म्हणत्यात आमच्यात. सांजच्याला वाड्याच्या दारात हुबं ऱ्हायचं आन् यका यकाचं त्वांड बगायचं. कोण मागं ऱ्हायलं ते मोजून कळत न्हाई. शेजाऱ्याची म्हस शिरली तरी आकडा भरतोय की! कोण न्हाई ते बगून कळतं. आन् तुमी तर बगितलं व्हतं. काचंतनं तुमचंच त्वांड दिसलं मला."

कोमल म्हणाली, "आय, गप." आईनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी वर गेले. हेडसरांना म्हटलं, मुलगी आली आहे, प्रगतीच्या गळ्यातलं कार्ड काढा, अजून पाऊण तास आहे. ते हसत हसत, ओठ न हलवता बोलले, "इथं तमाशा नको. शाळेचं नाव जाईल. अध्यक्षांना काय सांगू? इथून बदली हवी की इथली कायम नोकरी, ठरवा." मी त्या ताईकडे जाऊ शकत होते. ती दहा पावलांवर उभी होती. मी गेले नाही. दोनला दारं बंद झाली.

अडीचला मी खाऊची दोन खोकी घेऊन गेटवर गेले. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. फुलाबाईंनी खोक्यांकडे पाहिलं, म्हणाल्या, "आमची भाकर हाय," आणि लेकीला घेऊन बसस्टॉपकडे निघाल्या. गाडीत बसा असं मी म्हटलं नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार होते?

मला वाटलं, वाईटात वाईट होतं ते झालं. तसं नव्हतं.

दहा दिवसांनी निकाल आला. हेडसरांनी तो परिपाठाला, सगळी शाळा रांगेत उभी असताना वाचला. "कोमल चिमाजी ढेबे, पन्नासपैकी नऊ. निवड नाही." आणि कागदाची घडी घालत वर म्हणाले, "मेहनत कमी पडली." कोमल रांगेत तिसरी उभी होती. पुढच्या दोन मुली वळून तिच्याकडे बघायला लागल्या. तिनं मान खाली घातली नाही. ती सरळ माझ्याकडे बघत राहिली, आईसारखी.

न दिलेल्या परीक्षेत नापास! एकदाच मिळणारी संधी, तीही कागदोपत्री वापरून टाकलेली. वाड्यावर फुलाबाईंच्या दिरानं तो आकडा ऐकला आणि म्हणाला, बघा, नऊ मार्काच्या पोरीला पुण्याला धाडत होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत फुलाबाई आल्या. डोक्यावर किटली नव्हती. कोमलला वर्गातून बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर बाकावर बसल्या.

"बाई, ह्ये नऊ मार्क कुणाचं हायती?"

"प्रगतीचे."

"मग तसं लिवून द्या कंपनीला."

"फुलाबाई, हेडसर..."

"त्यास्नी म्या बगते. त्यांच्याकडं म्या कवा मागितलं व्हतं? 'बसवते' कोण म्हणालं व्हतं?"

मी कागद घेतला. भीती होतीच, पण संतापही होता. हेडसरांवरचा, अध्यक्षांवरचा आणि सगळ्यांत जास्त त्या दोन सेकंदांवरचा, ज्यात मी खाली बसले. मी लिहिलं. सहलीच्या गडबडीत शाळेकडून ओळखपत्रांची अदलाबदल झाली, तरी सदर विद्यार्थिनीस पुन्हा संधी मिळावी, ही विनंती. आम्हा शिक्षकांना असं लिहायची सवय असते. कागद पुढं सरकवला.

फुलाबाईंना वाचता येत नाही. कोमलनं मोठ्यानं वाचून दाखवलं.

"शाळंकडनं म्हंजी?" फुलाबाईंनी विचारलं. "शाळा काय गाडीत बसून गेली व्हती? शाळंनं त्या पोरीच्या गळ्यात कार्ड घातलं? ह्यात माणूस कुठं हाय, बाई? हितं कुणीच काय केलं न्हाई आन् माझी पोरगी नापास झाली, आसं कसं व्हईल?"

मी तो कागद फाडला. नवीन घेतला. कोमल बाजूला उभी होती. या वेळी मला फार वेळ लागला नाही.

"मी, वैजयंता शेटे, विज्ञान शिक्षिका. कोमल ढेबे ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी उभी होती. मी तिला पाहिलं आणि गाडी थांबवली नाही. तिचं ओळखपत्र मी माझ्या हातानं दुसऱ्या मुलीच्या गळ्यात घातलं. नऊ गुण त्या मुलीचे आहेत. तसं करायला मला मुख्याध्यापकांनी सांगितलं आणि मी ऐकलं. कोमलनं परीक्षा दिलेली नाही."

कोमलनं तेही वाचलं. शेवटपर्यंत, न थांबता. दारात हेडसर येऊन उभे राहिले होते. त्यांनी पहिल्यापासून ऐकलं असावं, कारण चेहरा पांढरा पडला होता. "शेटेबाई, तो कागद इकडं द्या," ते म्हणाले.

फुलाबाई उठल्या आणि दाराच्या आणि माझ्या मध्ये उभ्या राहिल्या.

"सई करा, बाई," त्या म्हणाल्या. "म्या हुबी हाय."