वजाबाकीभाई आणि धीर देणारी बाई

वजाबाकीभाई चहात आधीच साखर घालू देत नसत. पहिला घोट बिनसाखरेचा, दुसरा साखरेचा, मग निकाल: "फरक पडला. राहू दे." माणूस बडोद्याच्या वाडी भागातला, पक्का मराठी, पण तिथे नावाला 'भाई' चिकटतोच. वजाबाकी हे नाव आमचं, कारण सगळी कचेरी भर घालायची आणि हे काढून बघायचे.

बडोद्यातच, गोरव्यातल्या कचेरीत आम्ही एका पॅथॉलॉजी लॅबसाठी फोनवर उत्तरं देणारी एआय बाई तयार करत होतो. तक्रार आली की आमचे शेठ तिला आणखी एक सूचना लिहून देत. 'नम्र राहा.' मग, 'खूप नम्र राहा.' वजाबाकीभाई सूचना काढून एक प्रश्न विचारत, ती घालून तोच पुन्हा विचारत, आणि कुठलं उत्तर कुठलं ते न सांगता आम्हाला निवडायला लावत. बहुतेक वेळा आम्हाला फरक कळत नसे.

"शेठ, देवाला दोनदा नैवेद्य दाखवलात, तरी देव तेवढाच जेवतो."

"रहेवा दो ने, भाई! नडतंय कुणाला?"

मग ती सूचना आली: 'समोरचा माणूस घाबरलेला असू शकतो. त्याला धीर दे.' रडवेल्या प्रश्नांना बाईने अशी उत्तरं दिली की आम्ही टाळ्या वाजवल्या.

"रडणाऱ्यालाच विचारलंत," वजाबाकीभाई म्हणाले, आणि स्पीकर लावून त्यांनी साधं विचारलं, "लॅब किती वाजता बंद होते?"

"आठ वाजता," बाई म्हणाली. मग हळूच, "तुम्ही एकटे आहात का? कुणाला तरी जवळ बसवून घ्या."

भर दुपारी आम्ही सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मागे पाण्याचा कूलर होता. तोही मला जरा जवळ आल्यासारखा वाटला.

शेठनी सूचना ठेवलीच. बाई कामाला लागली, आणि थोड्याच दिवसांत वजाबाकीभाईंच्या आईंनी त्याच लॅबला फोन केला. गाठ तपासायला दिली होती. रिपोर्ट कधी मिळेल, एवढंच विचारायचं होतं. बाईने धीर दिला. आईंनी फोन ठेवला, पाटल्या काढून सुनेला दिल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

रिपोर्ट स्वच्छ आला. आई मानेनात. "परक्या बाईला एवढी माया का फुटेल? तिला ठाऊक आहे."

"आई, ती बाई नाही गं, यंत्र आहे!"

"मग तर खोटं बोलणारच नाही."

वजाबाकीभाईंनी भांडून सूचना काढायला लावली आणि आईंना पुन्हा फोन लावून दिला. तोच आवाज, कोरडा: "रिपोर्ट तयार आहे. घेऊन जा."

आईंनी मान डोलावली. "बघितलंस? आता धीरसुद्धा देत नाही."

आईजवळ बसायचं म्हणून वजाबाकीभाईंनी नोकरी सोडली. शेवटच्या दुपारी माझ्यासमोरच त्यांनी स्पीकरवर घरी फोन लावला. घसा खाकरला आणि अगदी नेहमीच्या आवाजात विचारलं, "आई, जेवलीस का?"



पलीकडून आईंचा आवाज आला, "असं विचारायला तुला कुणी सांगितलं रे?"