गेणबानं सारलेला म्हसोबा

रिहे गावच्या गेणबाला आयुष्यात एकच क्रियापद आलं : सारणे. चुलीत लाकूड सारायचा, ताटातलं पोटात सारायचा. म्हातारी आई रात्रंदिवस खोकायला लागली तेव्हा तिची बाजही त्यानं गोठ्यात सारली. ‘आता दिवस सारायचं, दुसरं काय’ असं पारावर म्हणायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस विरक्त आहे.

दर वर्षी चिखलणीच्या आधी तो बांध वीतभर पलीकडं सारी, विधवा सगुणाबाईच्या भातखाचरात. ती भांडायची, गाव कानाडोळा करायचं. हद्दीवरचा म्हसोबा तेवढा जागचा हलत नसे. आठ वर्षांत बांध पुढं गेला आणि शेंदूर फासलेला देव गेणबाच्या भातात चार हात आत उभा राहिला.

एकसष्ट साली मोजणी येणार म्हणून दवंडी पिटली. तिसऱ्या दिवशी गेणबा पारावर बोलला, “म्हसोबा सपनात आला. म्हनला, चिखलात पाय कुजलं, मला बांधावर सार.”

“देवाला पाय कवा फुटलं रं?” म्हातारा कुशाबा म्हणाला.

गेणबानं कोंबडं कापलं, दगड उपटून नव्या बांधावर रोवला, जुना खड्डा पायानं बुजवला. खाली काय आहे ते बघितलं नाही. जन्मभर आडवं सारणाऱ्याला तशी सवय नसते.

मोजणीदार आला. सगुणाबाईनं त्याला बांध ओलांडून चार हात आत नेलं. “सायब, हितं खणा. माज्या सासऱ्यानं आन ह्याच्या आज्यानं मिळून हद्दीची खूण म्हून देवाखाली कोळसा पुरलाय. कोळसा कुजत न्हाई.”

हातभर खाली टोपलीभर कोळसा निघाला.

“कुनीतरी सारला आसंल,” गेणबा पुटपुटला. कुणी हसण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

बांध जुन्या जागी आला. देव मात्र आता सगुणाबाईच्या खाचरात चार हात आत राहिला. गेणबा त्याला उचलायला वाकला.

“हात लावू नगंस,” ती म्हणाली. “त्यानंच सांगितलं नव्हं, हितं सार म्हून? का सपान खोटं व्हतं?”

सगळं गाव बघत होतं. गेणबा सरळ झाला.

तेव्हापासून दर आषाढात तो काखेत म्हसोबाचं कोंबडं धरून तिच्या बांधावर येतो. “वैनी, येऊ का आत?” म्हणतो. हातातलं काम संपेपर्यंत ती मान वर करत नाही.