शेऱ्याचा रकाना

आमचा धंदा दोन माणसांचा. एक मी, आणि दुसरी माझी कॉलेजातली मैत्रीण. ती आता भागीदार आहे आणि मी तोंड उघडलं की आधी "पण" म्हणते. गंगापूर रोडला दोन खोल्यांचं ऑफिस आहे. कारखान्यांच्या यंत्रांना डोकं पुरवतो, असं मी लग्नकार्यात सांगतो. ती सांगते, सॉफ्टवेअर लिहितो.

सातपूरच्या एका कारखान्याचं काम मिळालं. गाड्यांचे गिअर भट्टीत तापवायचे आणि तेलात बुडवायचे, म्हणजे ते कडक होतात. भट्टी नवी होती. कुठला माल किती तापवायचा, किती वेळ ठेवायचा, हे एका फाइलमध्ये लिहून द्यायचं होतं. भट्टी ती फाइल वाचणार आणि तसं वागणार. मी म्हटलं, आकड्यांची यादी तर आहे, जेवायच्या आत उरकतो.

तिथल्या फोरमनकाकांनी ते होऊ दिलं नाही. काका चांदवडकडचे. सगळी नोकरी भट्टीसमोर गेलेली, आणि निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. त्यांनी माझी यादी पाहिली आणि म्हणाले, "बरी हाय साहेब. पण तेल गार असलं तर? माल पावसात भिजून आला तर? शनिवारची सुट्टी झाली, भट्टी थंड पडली, तर?"

आता आकड्यांच्या यादीत जर-तर बसत नाही. अटी लिहायच्या तर फाइलच एखाद्या छोट्या प्रोग्रामिंगच्या भाषेत हवी. कुठल्या भाषेत, यावर आम्ही दोघं आठ दिवस भांडलो. ती म्हणे पायथन, कारण ती सगळ्यांना येते. मी म्हणे लुआ, कारण ती आटोपशीर आहे आणि असल्या कामासाठीच बनवलेली आहे. मी सतरा पानांचं टिपण लिहिलं. तिने ते वाचलं नाही. मी पुन्हा पाठवलं. तिने अंगठा पाठवला. घरी बायको म्हणाली, भाषेवरून एवढं भांडण मी फक्त बातम्यांत पाहिलंय. मला राग आला, कारण मला वाटत होतं हा जगण्यामरण्याचा प्रश्न आहे आणि कुणालाच त्याचं गांभीर्य नाही.

शेवटी ठरलं, काकांनाच दोन्ही लिहायला द्यायच्या. काका खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि एका बोटाने सुरुवात केली. पायथनमध्ये त्यांनी तीन ओळी लिहिल्या आणि मधली ओळ जरा उजवीकडे सरकवली, आकडे एकाखाली एक यावेत म्हणून. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेलाही अर्थ असतो. प्रोग्राम अडून बसला.

"एवढ्याशा जागेवरून?" काका म्हणाले. "लय नाजूक हाय ओ ताई, तुमची ही."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. सतरा पानांतलं एकही कारण कामी आलं नव्हतं, पण लुआत त्याच ओळी चालल्या, आणि जिंकलो ते जिंकलो. मग काकांनी एकच प्रश्न विचारला. "साहेब, हिच्यात शेऱ्याचा रकाना हाय का?"

त्यांची वही मी तोवर पाहिली नव्हती. ती त्यांनी टेबलावर ठेवली. तारीख, माल, तापमान, वेळ आणि शेवटी शेरा. बाकीचे लोक त्या रकान्यात "ठीक" लिहून मोकळे होत. काकांचा रकाना मात्र समासाबाहेर सांडायचा. "ह्या गिऱ्हाइकाचं पोलाद दर खेपेला वेगळं. पहिला नग तपासून मगच बाकीचे." "माल ओला. वीस मिनिटं आधी सुकवणे." एके ठिकाणी, "तेल न बघता माल टाकला. चार नग तडकले. माझी चूक." असल्या "माझी चूक"च्या ओळी बऱ्याच होत्या. दुसऱ्याची चूक मला एकही सापडली नाही, आणि कारखान्यातले बाकीचे काही संत नव्हते.

मी फुशारकीने सांगितलं, दोन आडव्या रेघा मारा काका, आणि पुढे पाहिजे ते लिहा. मशीन तेवढं सोडून देतं, वाचत नाही.

"मशीन नाय वाचत, पण माझ्यामागं येणारा माणूस वाचंल ना," काका म्हणाले. "मी गेल्यावर इथून मला फोन आला, तर म्या काम नीट शिकवलं नाय असं समजायचं."

मग मी आणखी एक शहाणपणा केला. म्हटलं, वही आता बंद करा काका. दोन-दोन ठिकाणी कशाला लिहायचं, सगळं ह्यात राहतंय.

त्यांनी वही बंद केली. भागीदारणीने त्यांना मराठी टायपिंग लावून दिलं, आणि सात महिने ते एका बोटाने लिहीत राहिले. फाइल उघडली की आकडे शोधावे लागायचे, इतके शेरे. मी ऑफिसात त्याची थट्टा करायचो. म्हणायचो, ही भट्टीची फाइल नाही, आत्मचरित्र आहे.

काकांचा शेवटचा महिना लागला. मालक म्हणाले, नवीन ऑपरेटरला फाइल कशाला उघडायला लावता, पडद्यावर बटणं द्या. दोन दिवसांत मी देखणी बटणं केली. आकडा बदला, सेव्ह दाबा, काम खलास. भागीदारणीने विचारलं, "पण सेव्ह केल्यावर शेऱ्यांचं काय होतं?" मला तिच्या "पण"चा इतका कंटाळा आला होता की मी म्हटलं, तू ना, उगाच टेन्शन घेतेस.

सातपूरला जाऊन काकांच्या समोर मी ऐटीत सेव्ह दाबलं. माझ्या प्रोग्रामने फाइल नव्याने लिहिली. आकडे लिहिले, अटी लिहिल्या. शेरे त्याने वाचलेच नव्हते, तर लिहिणार कुठून. काकांनी सवयीने फाइल उघडली. दीड पानात संपली. ते वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले.

"साफसफाई केली का साहेब?" त्यांनी विचारलं. खरंच विचारत होते. टोमणा असता तर बरं झालं असतं.

जुनी प्रत शोधली, तर ऑफिसात एकच सापडली, अगदी पहिल्या आठवड्यातली. तिच्यात अकरा शेरे होते. वही तर सात महिन्यांपूर्वीच थांबलेली. भागीदारण फोनवर "पण" म्हणाली नाही, आणि तेच जास्त लागलं.

आधी प्रोग्राम दुरुस्त केला, शेऱ्यांना हात न लावणारा. मग उरलेले अठरा दिवस मी रोज सकाळी सातपूरला गेलो. भट्टीशेजारी स्टूल टाकून बसायचो. काका एकेक माल हातात घेऊन आठवायचे, मी टाइप करायचो. मला घाम फुटायचा, त्यांना नाही. "लिवा साहेब, तुम्हाला दहा बोटं हायेत," असं म्हणून हसायचे. निम्मं-अधिक परत आलं असेल. बाकीचं गेलं. "तो माल पुन्हा आला की सुचंल," असं ते म्हणायचे, आणि तो माल त्या अठरा दिवसांत यायचा नाही.

काका निवृत्त झाले, चांदवडला गेले. दोन महिन्यांनी नव्या ऑपरेटरचा फोन आला. काकांना नाही, मला. म्हणाला, सगळं बरोबर चाललंय, शेरे वाचून काम होतंय, फक्त फाइलच्या अगदी शेवटी एक ओळ आहे, ती कुठल्या मालाची ते कळत नाही.

मी ऑफिसातून फाइल उघडली आणि खाली गेलो. मी टाइप केलेली ती ओळ नव्हती, माझं टायपिंग संपल्यावर घातलेली असणार. तारीख वरच्या आकड्यांच्या बरोबर खाली सरकवलेली, म्हणजे काकांनीच एका बोटाने लिहिलेली. मी सेव्ह दाबलं त्या दिवसाची तारीख होती. पुढे लिहिलं होतं, "शेरे पुसले गेले. वही बंद करायला नको होती. माझी चूक."

मी भागीदारणीला हाक मारली. तिने वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग त्या ओळीखाली दोन आडव्या रेघा मारून मी लिहिलं, "वही बंद करायला मीच सांगितलं होतं. चूक काकांची नाही," आणि पुढे माझं पूर्ण नाव घातलं. ऑपरेटरला फोन करून सांगितलं, ती ओळ कुठल्याच मालाची नाही, पण राहू दे.