पाळकसाहेबांनी सांगितलं म्हणून

आमच्या ख्रिस्ती देवळाच्या मागच्या खोलीत रविवारी सकाळी मुलांना बायबल शिकवायची शब्बाथ शाळा भरायची आणि तिथे माझी आई शिकवायची. आठवडाभर ती हॉस्पिटलात सिस्टर असायची, रविवारी शब्बाथ शाळेतली बाई. मी आणि दादा बाकीच्या मुलांबरोबर सतरंजीवर बसायचो. तिला तिथे 'आई' म्हणून हाक मारायची आम्हाला परवानगी नव्हती.

तिचा आवडता धडा एकच होता, देवाचं ऐकणं. देवाने सांगितलं म्हणून पोटच्या पोराला डोंगरावर बळी द्यायला नेणाऱ्या बापाची गोष्ट ती इतकी रंगवून सांगायची की मुलं श्वास रोखून बसायची. बापाने सुरा उगारला की ती हात वर धरून थांबायची आणि मग हळू आवाजात म्हणायची, "आणि देवाने त्याला थांबवलं."

एकदा दादाने विचारलं, "त्या मुलाच्या आईला कुणी विचारलं होतं का?"

मुलं हसली. आई म्हणाली, "ज्याला ऐकायचं असतं, तो प्रश्न विचारत नाही." देवळाचे धर्मगुरू, पाळकसाहेब, दारातच उभे होते. त्यांनी आत येऊन दादाच्या डोक्यावर टपली मारली. "हा तुमचा फार बोलतो हो, सिस्टर."

वडील आम्ही लहान असतानाच गेले होते. त्यामुळे घरातलं सगळं आई ठरवायची आणि आईचं पाळकसाहेब ठरवायचे. मी कुठल्या कॉलेजात जायचं, भाड्याचं घर सोडायचं की नाही, वडिलांच्या भावांशी संबंध ठेवायचे की नाही, सगळं त्यांना विचारून व्हायचं. ते वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. वडील आजारी होते तेव्हा ते रोज येऊन बसायचे. आई ते कधी विसरली नाही, आणि त्यांनीही तिला विसरू दिलं नाही.

दादा सातपूरच्या कारखान्यात लागला त्याच सुमाराला आईच्या वॉर्डात एक नवीन मुलगी आली. पेठकडच्या डोंगरातली, भातशेती करणाऱ्या घरातली, नर्सिंग करून आलेली. आईला ती फार आवडायची. "हिला एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही," असं आई घरी येऊन म्हणायची, आणि आईच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी कधी ऐकलं नव्हतं. ती मुलगी घरी यायची, आईबरोबर स्वयंपाक करायची, नागलीच्या भाकरी थापायची. दादा तिला हॉस्टेलवर सोडायला जायचा. आईनेच त्याला पाठवलं होतं.

दोघांनी लग्नाचं बोलून दाखवलं तेव्हा आईला आनंद झाला. हे मी शपथेवर सांगते, कारण मी तिथे होते. तिने त्या मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरला होता. मग म्हणाली, "आधी बाप्तिस्मा. मग मी स्वतः तुझी साडी घेईन."

मुलगी खाली बघून म्हणाली, "सिस्टर, मला तुमच्या देवाबद्दल काहीच वाईट वाटत नाय. पण लग्नासाठी देव बदलला तर उद्या आणखी कशासाठी तरी बदलेन. तसलं खोटं मला जमणार नाय."

आईला त्या उत्तरात प्रामाणिकपणा दिसला असावा, कारण ती चिडली नाही. नेहमीप्रमाणे ती पाळकसाहेबांकडे गेली.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब मंडळीतल्या दोघा वडीलधाऱ्यांना घेऊन घरी आले. चहा घेतला, प्रार्थना केली. मग म्हणाले, "सिस्टर, मुलगा की देव, एवढाच प्रश्न आहे. लग्नाला जायचं नाही. सून म्हणून तिला घरात घ्यायचं नाही. मुलगा पश्चात्ताप करून परत येईपर्यंत त्याच्या पंक्तीला बसायचं नाही. तुम्ही मुलांना शिकवता. मुलं तुमच्याकडे बघतात."

"आणि तो आलाच नाही तर?" आईने विचारलं. आयुष्यात तिने त्यांना उलटून विचारलेला तो पहिला प्रश्न असेल.

"देव विश्वासू आहे. तुम्ही विश्वासू राहा. तो आणेल."

लग्न रजिस्टर पद्धतीने झालं. तिच्या घरून सगळं गाव जीप करून आलं होतं. आमच्याकडून मी एकटी. तिथून दोघं थेट घरी आले. वहिनीच्या हातात हार तसाच होता. आईने दार उघडलं, पण उंबऱ्यातून बाजूला झाली नाही.

"तू आत ये," ती दादाला म्हणाली.

"आणि ही?"

दादाने क्षणभर वाट पाहिली. मला अजूनही वाटतं, त्याला वाटत होतं की कुणीतरी आईचा हात धरून तिला थांबवेल. कुणी थांबवलं नाही. तो वहिनीला म्हणाला, "चल," आणि दोघं जिना उतरले. आई दार लावून आत आली, गुडघ्यांवर बसली आणि मोठ्याने रडत प्रार्थना करू लागली. त्या प्रार्थनेत तिने देवाचे आभार मानले. मला त्याची सगळ्यात जास्त चीड आली.

वहिनीने ते हॉस्पिटल सोडलं. दोघं देवळाली कॅम्पला राहायला गेले. तिथे तिला एका दवाखान्यात नोकरी मिळाली, बाजाराच्या मागे भाड्याचं घर मिळालं. मुलगी झाली. मी त्यांच्याकडचे पेढे घेऊन आले, तर आईने बॉक्स हातात घेतला, बघत राहिली आणि शेजारी देऊन आली. स्वतः एक पेढाही खाल्ला नाही. पंक्तीला बसायचं नाही म्हणजे पेढाही नाही, असा तिने अर्थ लावला होता. सांगितलेल्यापेक्षा थोडं जास्तच पाळायचं, अशी तिची सवय.

देवळात तिचा मान वाढला. उपदेशात पाळकसाहेब तिचं उदाहरण द्यायचे. "आपल्यामध्ये एक माता आहे," असं सुरू झालं की सगळ्या माना आमच्या बाकाकडे वळायच्या. आई खाली बघायची. लोकांना तो नम्रपणा वाटायचा. मी शेजारी बसलेली असायची, तिने मांडीवरचं गीतांचं पुस्तक उलटं धरलेलं मला दिसायचं. पुढे मी देवळात जाणं सोडलं. आईने मला कधी जबरदस्ती केली नाही. तिच्याकडे बहुधा तेवढं बळ उरलं नव्हतं.

वर्षं गेली. दादाची मुलगी शाळेत जायला लागली. आई निवृत्त झाली. मग एक दिवस पाळकसाहेबांच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आली, गंगापूर रोडच्या एका लॉन्सवरची. मुलगी पुण्याची, मोठ्या कंपनीत होती. आईने कपाटातली चांगली साडी काढली. मुलीचा बाप्तिस्मा झाला असणार, हे तिने गृहीतच धरलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा मंगलाष्टका सुरू होत्या. पाळकसाहेब भगवा फेटा बांधून पुढच्या रांगेत उभे होते आणि हसत अक्षता टाकत होते. कुणीतरी आईच्याही हातात अक्षता दिल्या. तिने त्या टाकल्या नाहीत, खालीही ठेवल्या नाहीत. शेवटपर्यंत मूठ तशीच मिटून राहिली.

जेवणाच्या आधी ते स्वतः आमच्याकडे आले. "सिस्टर, आलात, फार बरं वाटलं. उद्या देवळातही आशीर्वादाची प्रार्थना ठेवली आहे."

"मुलीचा बाप्तिस्मा कधी झाला, पाळकसाहेब?"

ते हसले. "अहो, आता काळ बदलला. मुलांवर जबरदस्ती करून कसं चालेल? त्यांच्या सुखातच देवाचं सुख आहे." आणि दुसरे पाहुणे दिसले तसे ते तिकडे गेले. ते खोटं बोलत नव्हते, लपवतही नव्हते. आमच्या घरी येऊन काय सांगितलं होतं, हे त्यांच्या लक्षातच नव्हतं.

आई जेवली नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "देवाचा काळ बदलतो का गं?"

मी म्हटलं, "आई, त्यांना विचार ना."

"त्यांना नाही विचारत आता," ती म्हणाली. "मी इतकी वर्षं कुणाचं ऐकत होते, तेच मला कळत नाही."

त्याच आठवड्यात आम्ही दोघी बसने देवळाली कॅम्पला गेलो. मी दादाला काही कळवलं नव्हतं. दार वहिनीने उघडलं. आई उंबऱ्याबाहेर थांबली, आत ये म्हणायची वाट बघत. वहिनी लगेच म्हणाली, "या ना, सिस्टर, आत या." तिने पाणी दिलं, पंखा लावला, चहा टाकला. तिच्या वागण्यात कुठे काही कमी नव्हतं. पण दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांशी वागतात तसं ते होतं. मुलगी गृहपाठ करत होती. मी म्हटलं, "ही तुझी आजी." तिने वहिनीकडे बघितलं, मग आम्हाला नमस्कार केला आणि पुन्हा गृहपाठात डोकं घातलं.

दादा कारखान्यातून आला. आई उठून उभी राहिली. "माझं चुकलं रे," एवढंच म्हणाली.

तो समोर बसला. त्याचे केस पिकू लागलेत, हे आईला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. तो म्हणाला, "मी चिडलेलो नाही, आई. आधी फार चिडलो होतो. नंतर संसार, हिची बाळंतपणं, एक मूल गेलं मध्ये... तेव्हा तुझी फार आठवण आली. त्यानंतर नाही आली."

एक मूल गेल्याचं मला माहीत होतं. आईला सांगायचं नाही, असं वहिनीने मला बजावलं होतं. आईने वहिनीकडे पाहिलं. वहिनी कपबशा गोळा करत होती. आई तिच्याजवळ जायला निघाली आणि मधेच थांबली. बाळंतपणात शेकडो बायकांना धीर देणाऱ्या माझ्या आईला पुढे काय करायचं ते सुचेना.

निघताना दादा बस स्टॉपपर्यंत आला. बस लागली होती. "येत जा," तो म्हणाला, आणि मग, "पण आधी फोन करून."

आईने शब्बाथ शाळा सोडली. कारण गुडघ्यांचं सांगितलं. मंडळीने शाल देऊन तिचा सत्कार केला, पाळकसाहेबांच्याच हस्ते. मी म्हटलं, नको घेऊस. तिने घेतली. देवळातही ती अजून जाते. कुठे जाऊ, म्हणते.

दर शनिवारी ती दादाला फोन करते. कधी तो ये म्हणतो. बहुतेक वेळा त्यांचं काहीतरी ठरलेलं असतं. मागच्या शनिवारीही होतं.

"बरं बाळा, पुढच्या वेळी बघू," ती म्हणाली. फोन ठेवला आणि मला विचारलं, "आपल्या दोघींपुरताच भात लावू ना?"