पांदणीतली जोडीदारीण

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरानं मला मोटारसायकलवर आठचा आकडा काढायला शिकवलं. जालन्यात, मोकळ्या मैदानावर, कोरड्या ठक्क जमिनीवर आखलेल्या चुन्याच्या रेघेवरून. पाय टेकला नाही की लायसन पक्कं. मी विचारलं, "आणि चिखलात कशी चालवायची?"

"चिखलात कोण जातं, मॅडम?"

भोकरदन तालुक्यातल्या कितीतरी वस्त्यांना पावसाळ्यात चिखलाशिवाय दुसरा रस्ताच नव्हता. तिथं माणसं राहत होती, बाया बाळंत होत होत्या, म्हातारी माणसं मरत होती. हे शिकवणाऱ्याला ठाऊक नव्हतं आणि लायसन देणाऱ्यालाही. ठाऊक नव्हतं कसलं, ठाऊक करून घ्यायचंच नव्हतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बाविशीतली, संघटनेची पूर्णवेळ कार्यकर्ती. पत्रकं लिहायची, वाटायची, बाजारात उभं राहून मोठ्यानं वाचायची, हे माझं काम. दारूबंदीची मोहीम चालू होती. टेकडीखालच्या एका वस्तीवर हातभट्टी पेटायची आणि तिथल्या बायांनी तहसीलवर येऊन तोंडी सांगावं, एवढंच आम्हाला हवं होतं.

वस्तीकडं जायला पांदण होती, म्हणजे शेतांमधून जाणारी बैलगाडीची वाट. मधे एक नाला. संघटनेचा नियम होता की पावसात पांदणीत एकट्यानं गाडी घालायची नाही. काळ्या मातीत मोटारसायकल रुतली की एकट्या माणसाच्या बापाला निघत नाही. नियम बराबर होता. पण जोडी कायम दोन पुरुषांची. ते जायचे, वस्तीवरच्या पुरुषांसोबत ओट्यावर बसून चहा प्यायचे आणि परत येऊन सांगायचे, "बाया काही बोलत न्हाईत, ताई."

बोलतील कशा? मारणारा शेजारी बसलेला.

"मी जाते," मी म्हणाले.

आमच्यातले एक ज्येष्ठ कार्यकर्ते होते, सगळे त्यांना दादा म्हणायचे. ते हसले. "जा की. पण जोडीला कोण? आमच्यातला कुणी आला तर गाव काय म्हणल?"

"बाई शोधते."

"चिखलात गाडी घालणारी बाई? शोध, शोध. घावली तर मला बी दाखव. हार घेऊन येतो."

दादा स्त्रीमुक्तीवर तासभर बोलू शकत. हेही लिहून ठेवते.

बाई घावली. उपकेंद्राची सिस्टर. धनगराघरची, तिशीतली, सगळा गाव तिला सिस्टरच म्हणायचा. दर गुरुवारी लसीचा डबा खांद्याला अडकवून ती त्याच वस्तीवर चालत जायची. तिच्या पडवीत एक मोटारसायकल चादर पांघरून उभी असायची. तिच्या बापानं मेंढरं विकून लग्नात जावयाला दिलेली. जावई शाळेत मास्तर, शाळा घरामागंच. गाडी लग्नकार्याला निघायची आणि रविवारी पुसली जायची.

मी सिस्टरला विचारलं, "शिकता का?"

"मला कोण शिकवतं?"

"मी."

"तू तर सोताच परवा वेशीत पडल्ती म्हणे."

"म्हणून तर. पडायचं कसं ते मला येतं."

ती एवढी हसली की डबा खाली ठेवावा लागला.

तिच्या नवऱ्यानं, मास्तरानं, किल्ली दिली. उपकार केल्यासारखी दिली, पण दिली. पावसाच्या आधी आम्ही गायरानात शिकलो, पाऊस पडल्यावर तिच्या सासऱ्याच्या नांगरलेल्या रानात. सिस्टर पांढऱ्या साडीचा काष्टा मारायची. बांधावर माणसं जमायची. "सर्कस आली रे!" कुणी ओरडलं की सिस्टर उलट ओरडायची, "तिकीट काढ, मंग बघ!" शिकवणारं कुणी नव्हतं, पडून पडून कळत गेलं. पुढचा ब्रेक चिखलात लावायचा नाही. गाडीवाटेच्या खोल चाकोरीत शिरलो तर मधेच वळायचं नाही, ती नेईल तिथवर जायचं. दगडांत फूटरेस्टवर उभं राहायचं. चाकाकडं बघितलं की चाक भलतीकडं जायचं, म्हणून सिस्टर मागून ओरडायची, "बाभळीकडं बघ, बाभळीकडं!"

आणखी एक गोष्ट कळली. काळी माती पुढच्या मडगार्डमध्ये भरत जाते, दबून बसते आणि चाक धरून ठेवते. आमच्याकडं चिखलात गाडी घालणारे लोक पावसाळ्यात पुढचं मडगार्ड काढूनच ठेवतात. मी माझ्या गाडीचं काढलं. सिस्टरनं मास्तरांना विचारलं.

"मडगार्ड काढून गाडी काय उघडी फिरवायची?" ते म्हणाले. "शोभा जाते."

मग सिस्टर खिशात, म्हणजे कमरेला, एक पळसाची काडी खोचून ठेवायची आणि दर थोड्या वेळानं उतरून माती खरवडायची. मी तिच्यासाठी थांबायचे. असे आम्ही तीन गुरुवार वस्तीवर गेलो.

लसीच्या डब्याला कुणी पुरुष अडवत नाही. सिस्टर सरळ घरात शिरायची, मी तिच्या मागं. आत चुलीपाशी बाया बोलायला लागल्या. आधी लेकरांचं, मग नवऱ्यांचं. एकीनं पाठ दाखवली. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी आपसात ठरवलं की पुढच्या सोमवारी एकदोघी नाही, सगळ्या मिळून तहसीलवर यायचं. मी आनंदानं वेडी झाले होते. सिस्टर म्हणाली, "बोभाटा नको करू. पत्रक काढशील आताच."

त्याच दिवशी परत येताना ती पडली. पाऊस भुरभुरत होता आणि माती नुसती गोंद झालेली. मी पुढं होते. मागं इंजिनाचा आवाज एकदम चढला आणि बंद झाला. वळून बघितलं तर पुढचं चाक मातीनं गच्च धरलेलं, गाडी आडवी, आणि सिस्टरचा पाय सायलेन्सरखाली. मी गाडी उचलली. कशी उचलली, ठाऊक नाही. तिच्या पिंढरीची चामडी भाजली होती आणि खालचं हाड मोडलं होतं. तिनं आधी विचारलं, "डबा सांडला का?"

एका शेतकऱ्याच्या बैलगाडीतून तिला नेलं. गावात आम्ही पोचायच्या आत बातमी पोचली होती, आणि बातमी ही की मास्तरांच्या गाडीची हेडलाईट फुटली.

दोन दिवसांनी मी तिला बघायला गेले. पाय प्लास्टरमध्ये. सासू खाटेला टेकून बसलेली, उठेचना. मास्तर दारात.

"बाईच्या जातीनं करायची कामं का ही?" सासू म्हणाली.

"बाई म्हणून पडल्या नाहीत त्या," मी म्हणाले. "मडगार्डमुळं पडल्या. मास्तर, त्यांनी तुम्हाला विचारलं होतं."

मास्तर लाल झाले. "हे तुमच्या पत्रकात छापा. माझ्या घरात नको."

"गाडी त्यांच्या बापानं दिलेली आहे."

"ताई," सिस्टर म्हणाली. एवढंच. मग ती सासूकडं बघत, जणू तिलाच विचारावं तशी म्हणाली, "नाल्याला पाणी किती आलं असंल वो?"

सासू म्हणाली, "तुला काय करायचं नाल्याचं?"

सोमवार जवळ आला होता. बाया येणार का, हे कळायलाच हवं होतं. शेवटी दादाच माझ्यासोबत आले. गाव काय म्हणेल, ते आता त्यांनी विचारलं नाही. बहुतेक सिस्टरच्या पायानं तो प्रश्न मिटवला होता. दादा बरी गाडी चालवायचे. आम्ही न पडता पोचलो.

वस्तीवरचे पुरुष लगेच ओट्यावर आले. दादा बसले, तंबाखू निघाली. दारं अर्धी लोटलेली. मी एका दारापाशी गेले, आतून कुणी "ये" म्हणालं नाही. बऱ्याच वेळानं जिनं पाठ दाखवली होती ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मी हळू विचारलं, "सोमवारी येणार ना?"

"सिस्टर कुठं हाय?"

"पाय मोडला त्यांचा."

"बरी झाली की मंग बघू."

सिस्टर बरी झाली तरी गाडीवर बसणार नव्हती. मास्तर किल्ली खिशात घालून शाळेत जाऊ लागले होते, मी पाहिलं होतं. दादा म्हणाले असते, आत्ता सांगू नको, आशेवर राहू दे. मला असं जमत नाही.

"गाडीवर नाही येणार त्या आता," मी म्हणाले.

तिनं ओट्याकडं पाहिलं, दादांकडं. "मंग तू कुणासंगं येशील?"

"चालत येईन. एकटी."

"ये," ती म्हणाली आणि आत गेली.

सोमवारी तहसीलवर वस्तीवरची एकही बाई आली नाही. आम्ही आठदहा कार्यकर्ते घोषणा देत उभे राहिलो आणि साहेबांनी निवेदन घेतलं, तसं ते नेहमीच घेतात.

गुरुवारी मी चालत निघाले. पांदणीत माणूस दिसलं नाही. नाल्याशी पोचले तेव्हा पाणी कमरेच्या वर होतं आणि ओढ मोठी होती. हात धरायला कुणी असतं तर उतरले असते. मी काठावर बसले. पलीकडं वस्तीचा धूर दिसत होता. दुपार कलली तरी पाणी उतरलं नाही.