बारा पेट्या, एक पाकीट

माझे धाकटे दीर संग्रहालयात नोंदणी कारकून होते, एकतीस वर्षं. घरात त्यांना आम्ही टिपणराव म्हणायचो. घरातला बल्ब बदलला तरी ते तारीख लिहून ठेवत. अशा माणसाच्या हातून ही चूक व्हावी, याचा मला अजून राग येतो.

तिथे प्रत्येक वस्तूला क्रमांकाची चिठ्ठी दोऱ्याने बांधत. एका वर्षी वाळवीचं औषध मारायचं ठरलं. चिठ्ठ्या भिजून शाई फुटेल म्हणून टिपणरावांनी त्या सगळ्या सोडल्या आणि एका पाकिटात जपून ठेवल्या. पुन्हा बांधायच्या वेळी वही उघडली, तर तीत एवढंच: 'लाकडी पेटी, एक.' असं बारा वेळा.

बरीच वर्षं कुणी विचारलं नाही. त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले आणि एक बाई पावती घेऊन आली. तिच्या घड्याळजी वडिलांनी हत्यारांची रिकामी पेटी मागाल तेव्हा परत, या बोलीवर दिली होती. क्रमांक दोनशे सतरा.

"वहिनी, तुम्ही चला. मला तिच्यापुढे शब्द फुटायचा नाही."

मी गेले. बारा पेट्या ओळीने मांडलेल्या. बाई एकेकीवरून हात फिरवत होती.

"चार वर्षांची होते हो. पेटीवर बसून त्यांचं काम बघायचे. बसलेल्याला पेटी कुठे दिसते?"

"सगळ्या सारख्याच आहेत, ताई. आवडेल ती न्या," पहारेकरी म्हणाला.

"तुमचे वडील हरवले तर असेच निवडून आणाल का?"

साहेबांनी तर हातच झटकले. पुराव्याशिवाय दिली आणि उद्या दुसरा कुणी आला तर? त्यांचंही खोटं नव्हतं. बाईने पावतीची घडी घातली आणि निघून गेली.

उरलेले दोन महिने टिपणराव एकेक वस्तू मोजत बसले. लांबी, रुंदी, बिजागऱ्या, कुठे चरा, कुठे टवका. नवी वही भरली.

"आता काय उपयोग, भाऊजी?" मी फटकन बोलले.

"तिच्या पेटीचीही मापं यात आहेत, वहिनी. कुठल्या पानावर, ते सांगता येत नाही."